मेजर उभ्यानं बीपी बघायचे

डॉक्टर मंडळी जमली की जो तो आपण बऱ्या केलेल्या पेशंटांचे किस्से सांगतो. माझ्याकडे आहेत ते माझ्या पेशंटांना दुसऱ्यानं बरं केल्याचे. असले किस्से फार भराभर साठतात!

सत्तरच्या दशकात मी साताऱ्यात दवाखाना टाकला. एम.डी. होतो आणि कर्ज काढून ईसीजी मशीन घेतलं होतं. मागच्याच गल्लीत फौजेतून निवृत्त झालेले मेजर सुर्वे बसायचे. ते नुसते एमबीबीएस. म्हातारं माणूस चक्कर येऊन पडलं की यायचं माझ्याकडे आणि बरं व्हायचं त्यांच्याकडे. आज हसतोय, पण तेव्हा नुसता जळत होतो.

*

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी लेकीकडे आले होते. महिन्यात तीनदा शुद्ध हरपून पडले. जावई त्यांना घेऊन आला. मी ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि विचारलं, पडलात तेव्हा काय करत होतात? शेठजींनी जावयाकडे बघितलं आणि म्हणाले, "काय न्हाई, बसलो हुतो."

तिथून ते मेजरांकडे गेले. मेजरांनी जावयाला पान आणायला पिटाळलं आणि मग विचारलं, कुठं बसला होतात? तर संडासात! बद्धकोष्ठ जुनं, जोर करायचे आणि भोवळ यायची. इसबगोल सुरू झाला आणि पडणं थांबलं. जावयासमोर कुठला सासरा हे सांगेल, हे मला एम.डी.ला कुणी शिकवलं नव्हतं.

*

मग एक सुभेदार. सव्वीस जानेवारीला सगळी पदकं लावून झेंड्यापुढं उभे राहायचे आणि दोन वर्षं लागोपाठ तिथंच कोसळले. लोक म्हणाले, देशप्रेमानं ऊर भरून येतो. मी म्हणालो, हृदय तपासू. हृदय ठणठणीत निघालं.

मेजरांनी त्यांना तो जुना युनिफॉर्म घालूनच बोलावलं आणि गळपट्टीत बोट घालायचा प्रयत्न केला. बोट जाईना. पेन्शनीत मान जाड झाली होती, गळपट्टी मात्र पलटणीतलीच होती. झेंड्याकडे झटक्यात मान वळवली की गळ्यातली शीर दाबली जायची आणि नाडी मंदावून सुभेदार आडवे. मेजरांनी गळपट्टी सैल करायला शिंप्याकडे पाठवलं. सुभेदारांनी गावभर सांगितलं की आपल्याला मेजरसाहेबांनी वाचवलं. माझ्या ईसीजीचं नावसुद्धा काढलं नाही.

*

एकदा वाटलं, आता आपली पाळी. एका म्हातारीच्या ईसीजीत हृदयाचा ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा संदेश वाटेत अडकत असलेला, स्वच्छ दिसला. मुंबईला नेऊन पेसमेकर बसवायला हवा, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तिच्या मुलानं खिशातून मेजरांची चिठ्ठी काढली. "नाडी फार संथ. ब्लॉक असणार. मशीन आहे त्यांच्याकडून खात्री करून घ्या." मी त्यांच्या लेखी मशीनवाला होतो! त्या दिवशी मी जेवलो नाही.

*

शेवटी माझ्या कंपाउंडरनंच बातमी काढली. साताऱ्यातले निम्मे म्हातारे माजी सैनिक. मेजर समोर दिसले की ते खुर्चीत बसायचेच नाहीत, ताठ सावधान! मग मेजर आधी आडवं करून आणि पुन्हा उभ्यानं बीपी बघायचे. उठल्यावर कुणाचं बीपी धाडकन उतरतं, ते त्यांना लगेच कळायचं.

हे पुस्तकात मीही वाचलं होतं. म्हणून एका पेन्शनर हवालदाराला उभं केलं. तो म्हणाला, "आवं डाक्टर, बसू द्या की. तुमी काय मेजर हाय व्हय?" त्यानंतर मी कुणालाही उभं केलं नाही. पुस्तकातलं असो नाहीतर कुठलं, ती मेजरांची पद्धत होती आणि मला ती नको होती.

*

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तेही फौजेतले निवृत्त नाईक. बीपीच्या गोळ्या मीच चालू केल्या होत्या. एका पावसाळ्यात ते अंगणात दोनदा पडले, दुसऱ्यांदा डोक्याला खोक पडली. मी भ्यालो. त्यांना कॉटवर निजवून तीन ईसीजी काढले आणि रोज बीपी बघितलं, तेही निजवूनच. सगळं नॉर्मल. उभं करून बघावं असं मनात आलं होतं, हे कबूल करतो. पण केलं नाही.

एका सकाळी अण्णा मला न सांगता मेजरांकडे गेले. दुपारी परत आले ते चेहऱ्यावर हुशारी घेऊनच. मला भयंकर राग आला होता. जेवणं झाल्यावर त्यांनी बंडीतून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. वर लिहिलं होतं, "वाईचे डॉक्टर यांस." खाली, गोळ्यांचा डोस फार होतोय, निम्मा करा, आणि पेशंटला उभं करून बीपी बघत चला.

वाईत आमचं कुणीच नव्हतं. मी अण्णांना विचारलं, हे वाईचे डॉक्टर कोण?

"मेजरसायबांनी इचारलं, ह्या गोळ्या कोन देतं," अण्णा म्हणाले. "म्या म्हनलं, वाईचा एक डाक्टर हाय. लय हुशार हाय, पर अजून नवा हाय."