वस्त्र धरणारा डावा हात

इथे परदेशात, आमच्या विद्यापीठाच्या छोट्या संग्रहालयात एका प्राचीन ग्रीक तरुणीची प्लास्टरची प्रतिकृती आहे. मूळ मूर्ती संगमरवराची, देवीच्या आवारात कुणीतरी नवस म्हणून उभी केलेली. डावा पाय किंचित पुढे, डाव्या हाताने पायघोळ वस्त्र बाजूला ओढून धरलेले, आणि उजवा हात कोपरापासून समोर. त्या हातात अर्पण करायची वस्तू असे: एखादे फळ, पक्षी, कधी फूल. हा पुढे आलेला भाग वेगळा घडवून खाचेत बसवत, म्हणून तोच आधी निखळला. ही देवी, पुजारीण की साधी मुलगी, हे त्या हरवलेल्या हातावर ठरते, असे मी वीस वर्षे शिकवत आलो. डाव्या हाताबद्दल दोनच वाक्ये बोलत असे: चुण्या कोरून दाखवण्याची शिल्पकाराची हौस, आणि थोडा नखरा.

माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी नागपूरची होती. एका एप्रिलमध्ये जवळच्या बेलव्ह्यू शहरात जयंतीचा कार्यक्रम होता. तो आटोपून ती पांढऱ्या साडीतच संग्रहालयात आली. बाहेर पाऊस होता. दारासमोरच्या पायऱ्या चढताना तिने डाव्या हाताने निऱ्या उचलल्या होत्या, आणि उजव्या हातात, अंगापासून दूर, माझ्यासाठी आणलेला जेवणाचा डबा जपून धरला होता. आत येऊन ती मूर्तीसमोर थांबली आणि हसायला लागली.

"नखरा कसला, सर! हिला पायऱ्या चढायच्यात. कापड नाही धरलं तर पाय अडकणार, आणि हातातलं सगळं खाली. माझ्या आईला विचारा, दोन सेकंदांत सांगेल."

"आईला तळटीपेत घालता येत नाही."

"घालू या की. 'व्यक्तिगत संवाद, नागपूर.'"

मी हसलो नाही.

तिने त्यावर एक प्रकरण लिहिले. दोन्ही हात मिळून एकच कृती करतात. उजव्याला देता यावे म्हणून डावा चालणे शक्य करतो. उजवा हरवला तरी ही मुलगी काहीतरी घेऊन निघाली आहे, हे डावा सांगतोच. मी समासात लिहिले, 'साडी हा पुरावा नव्हे.' वाक्य म्हणून ते खोटे नव्हते. पण वस्त्र कुठून ताणले जाते याची तिने मूर्तीमागून मूर्ती केलेली रेखाटने प्रकरणाच्या शेवटी जोडलेली होती, आणि ती मी उघडूनही पाहिली नव्हती. तिने प्रकरण वगळले. वर्षभराने पीएच.डी.ही अर्धवट सोडली आणि दूर अर्विंग शहरात नोकरी धरली.

पुढे एका जाहीर व्याख्यानात डाव्या हाताचा हाच अर्थ मांडून मी म्हणालो, "माझ्या देशातल्या स्त्रियांना पायऱ्या चढताना पाहून मला हे सुचले." टाळ्या झाल्या. त्या क्षणी माझ्या आत काहीही हलले नाही. विसरलो होतो, असे म्हणणे आज सोयीचे आहे. विसरलो नव्हतो.

व्याख्यान एका नियतकालिकाने लेख म्हणून स्वीकारले. अंतिम तपासणीची पाने आली त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"सर, मी तो चॅप्टर पुन्हा काढलाय. वीकेंडला बसते. एका जर्नलला पाठवायचाय." मग म्हणाली, "तुमचं लेक्चर ऑनलाइन पाहिलं मी. पूर्ण."

"लेख छापून येतोय. त्यात तुझे आभार मानतो. स्पष्ट शब्दांत."

"आभार कसले, सर? तुमचा आधी आला तर माझा काय, तुमची कॉपी? रिव्ह्यूअर मलाच विचारणार, सरांचा रेफरन्स का नाही दिला. तुम्ही तो मागे घ्या. रागावून नाही बोलत हां. मला तो अर्थ माझा म्हणून हवाय, एवढंच."

संपादकांना पहिले पत्र लिहिले त्यात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असे शब्द होते. ते खोडले. दुसऱ्यात लिहिले की हा अर्थ माझ्या विद्यार्थिनीने लावलेला आहे. तिचा म्हणून तो मी नाकारला आणि माझा म्हणून सांगितला. पत्र पाठवले.

दुपारी संपादकांचा फोन आला. एका ओळीत तिचे ऋण मान्य केले तर चालणार नाही का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. अंकाची मांडणी पूर्ण झाली आहे, पाने रिकामी राहतील, शिवाय तुमच्या विभागाला कळवावे लागेल, असे ते म्हणाले. कळवा, मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर सुटल्यासारखे वाटले नाही, लाजही वाटली नाही. दाताच्या डॉक्टरकडून परतताना गाल असतो, तसे काहीसे होते: बोट लावले तर आपलाच, पण कळत नाही.

पत्नी आमटीला फोडणी देत होती. "कुणाचा फोन? नुसतं नो, नो काय चाललं होतं?"

"संपादकांचा. लेख मागे घेतला."

"का? चांगला होता की. लेक्चरला मीच तर फोटो काढले."

मी अगदी पहिल्यापासून सांगायला लागलो. मध्येच तिने गॅस बंद केला, पण पाठमोरीच उभी राहून ऐकत राहिली.

"आणि ती समोर बसलेली असताना तू हे बोललास?"

"ती तिथे नव्हती."

"मग आणखीच सोपं गेलं असेल," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.