एक वस्तू, दोन कार्डं

लेबलकाकांनी मला एकदा मेमो मिळवून दिला होता. आमची ओळख तिथपासूनची.

मी कारखान्याच्या खरेदी विभागात होतो आणि ते स्टोअर्स सांभाळायचे. स्टोअर्स म्हणजे एक लांबलचक खोली, छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या, त्यांना लागून एक सरकती शिडी आणि दारापाशी काकांचं टेबल. मांडणीवरच्या प्रत्येक डब्याला एक कार्ड टांगलेलं. कार्डावर वस्तूचं नाव, कोड नंबर आणि चार रकाने: आवक, जावक, शिल्लक, सही. सहीशिवाय काकांनी कुणाला कधी एक स्क्रू दिला नाही. एकदा मोठे साहेब स्वतः आले आणि हसत हसत एक बल्ब मागू लागले. काकांनीही हसत हसत चिठ्ठीपुस्तक पुढे केलं. साहेब सही करून निघाले, तर तारीख राहिली म्हणून काकांनी त्यांना परत बोलावलं.

त्यांच्या छत्रीला लेबल होतं, डब्याला होतं, खुर्चीला होतं, ज्या भिंगातून ते लेबलं वाचत त्या भिंगालाही होतं. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते पगारपत्रकाशिवाय कुणी वापरत नव्हतं.

तर मेमो. दोन कंपन्यांकडून दोन नावांनी येणारं एकच बेअरिंग मी तीन वर्षं दोन वेगळ्या वस्तू म्हणून मागवत होतो. खोकी वेगळी, रंग वेगळे, नावं वेगळी. मला काय स्वप्न पडणार होतं? काकांनी एके दुपारी दोन्ही खोकी फोडली, बेअरिंगवर कोरलेला बारीक नंबर भिंगाखाली धरला आणि वरच्या मजल्यावर साहेबांना पत्र धाडलं: ‘एकच वस्तू दोन कोडखाली साठवली जात आहे. खरेदी विभागाने खोक्यावरील नावावर न जाता आतील नंबर वाचण्याची सवय लावून घ्यावी.’ या दुसऱ्या वाक्याची काही गरज नव्हती. पुढे दोन वर्षं कॅन्टीनमध्ये भेटले की विचारायचे, “काय खरेदी, आतला नंबर वाचता ना?” मी हो म्हणायचो आणि मनातल्या मनात त्यांची शिडी ओढून घ्यायचो.

असा हा माणूस. त्यांना घाबरवणारी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांच्या दादांच्या कपाटात सापडली होती.

काकांचे थोरले भाऊ अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. साधा मंगळवार होता, दाढी करत होते, अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला. हृदयविकाराचा झटका. महिन्याभराने वहिनींनी कपाट आवरायला घेतलं, तर टॉवेलांच्या खाली कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. एकही फोडलेलं नाही. दादा दर महिन्याला न चुकता गोळ्या आणायचे, फक्त घ्यायचे नाहीत. मला काही होतच नाही तर कशाला, असं त्यांचं म्हणणं असायचं. एकशेवीस गोळ्या. हे सांगताना काका म्हणाले, “आवक पूर्ण, जावक शून्य.” आणि मग भिंग पुसत बसले. भिंग स्वच्छच होतं.

सत्तावन्नाव्या वर्षी कारखान्याच्या तपासणीत काकांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की आपण एकही गोळी चुकवायची नाही. मरायचं झालं तर रिकाम्या कपाटाने मरायचं.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. खिडकीतला माणूस म्हणाला, साठा संपलाय, परवा येईल, चिठ्ठी इथेच ठेवून जा. काकांनी ठेवली. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना ओढून हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. काकूंचा कारखान्याच्या डॉक्टरांवर विश्वास नव्हता, कारण ते फार तरुण होते आणि शिट्टी वाजवायचे. काकू बाहेर बाकावर बसल्या, काका आत गेले. तज्ज्ञांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, “सध्या काय काय औषधं चालू आहेत?”

“रक्तदाबाची एक गोळी.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

इथे मला काकांची बाजू मांडली पाहिजे. ते खोटं बोलले नाहीत. स्टोअर्सचा पहिला नियम असा, की मागवलेली पण हातात न आलेली वस्तू साठ्यात दाखवायची नाही. सकाळची गोळी मागवलेली होती, आलेली नव्हती. सबब ती नव्हती. तज्ज्ञांनी त्यांच्या पद्धतीने एक गोळी लिहून दिली, रोज रात्री जेवणानंतर एक. जगात हा प्रश्न रोज हजारो माणसांना विचारला जात असेल, पण त्याचं असं उत्तर फक्त स्टोअरकीपरच देऊ शकतो.

तिसऱ्या दिवशी दोन्ही गोळ्या हातात आल्या. एक गुलाबी खोकं, एक निळं. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, वेळा वेगळ्या. काकांनी दोन स्टीलचे डबे घेतले आणि दोन कार्डं टांगली.

तीन-चार आठवड्यांनी त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. आधी ते शिडीच्या वरच्या पायरीवर जायचं थांबले. मग त्यांनी वरच्या मांडणीतला माल खालच्या मांडणीत आणवला आणि त्याला ‘पुनर्रचना’ असं नाव दिलं. मग खुर्चीतून उठताना टेबलाला हात टेकायला लागले. जो माणूस दिवसाकाठी शंभरदा शिडी चढायचा, तो आता तिसऱ्या मांडणीकडे नुसता बघायचा. ते बघणं मला बघवेना.

“काका, डॉक्टरांना सांगितलंत का?”

“वय झालं म्हणून डॉक्टरांकडे जायचं?”

“गोळ्यांनीही होतं असं कधी कधी. माझ्या मेहुण्याला झालं होतं.”

“म्हणून तर नाही सांगत,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “सांगितलं तर बंद करतील. पाय दुखून कुणी मरत नाही, खरेदी. गोळी बंद करून मरतात. आमच्या घरात मेलेत.”

मी माझी चिठ्ठी घेतली आणि वर गेलो. तेव्हाच त्यांना हाताला धरून न्यायला हवं होतं, हे आता लिहायला सोपं आहे.

पंधरा दिवसांनी काका कामावर आले नाहीत. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. नेमकं त्याच दिवशी एक मशीन बंद पडलं आणि बेअरिंग लागलं. स्टोअर्सला कुलूप, चावी काकांच्या घरी. फोन केला तर म्हणाले, चावी द्यायला सही लागते, माणूस पाठवा. माणूस म्हणून मला पाठवलं.

काकूंनी दार उघडलं. दाराशेजारच्या बटणांना लेबलं होती: पंखा, दिवा, दिवा, रिकामं. काका खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. मला बघून उठायला गेले आणि उठता आलं नाही.

“भाऊ, तुम्ही तरी सांगा त्यांना,” काकू म्हणाल्या. “दोन दिवस मी धरून उठवतेय. लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, तर म्हणतात पाणी कमी प्यायलो.”

“अगं, त्यांच्यासमोर काय हे?” काका म्हणाले.

“मग कुणासमोर? तुम्ही तर कुणासमोरच बोलत नाही!”

मी चावीची पावती लिहायला टेबलाशी बसलो. टेबलावर ते दोन डबे होते. दोन्ही कार्डं सुवाच्य अक्षरात भरलेली, रोजची जावक एक, रोजची सही, एक दिवस चुकलेला नाही. मी गुलाबी खोकं उचललं. सवय लावून घ्यावी असं मला लेखी कळवलेलंच होतं, म्हणून मोठं नाव सोडून खालचं बारीक वाचलं. अटोर्वास्टॅटिन, चाळीस मिलिग्रॅम. मग निळं उचललं. मोठं नाव भलतंच. खाली बारीक अक्षरात: अटोर्वास्टॅटिन, चाळीस मिलिग्रॅम.

या क्षणाची मी दोन वर्षं वाट बघत होतो. आनंद मात्र काडीचा झाला नाही.

“काका, तुमचं भिंग द्या.”

“कशाला?”

“मला नको. तुम्हीच घ्या. दोन्ही खोक्यांवर खाली काय लिहिलंय ते वाचा.”

त्यांनी गुलाबी वाचलं. निळं वाचलं. परत गुलाबी. मग भिंग हळूच टेबलावर ठेवलं.

“एकच वस्तू,” ते म्हणाले.

“दोन कोडखाली,” मी म्हणालो.

“म्हणजे काय हो?” काकूंनी विचारलं.

“म्हणजे दीड महिना रोज दुप्पट घेत होते.”

काकूंनी दोन्ही डब्यांची झाकणं लावून टाकली. काकांनी मला विचारलं, “मग यातली एक थांबवू?”

“ते तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. दोन्ही खोकी घ्या. आपण आत्ता मोठ्या दवाखान्यात जातोय.”

गाडी आली. आम्ही दोघांनी त्यांना धरून जिना उतरवला. गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून चावी काढली आणि पावतीपुस्तकही. मी सही केली. मशीन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंदच राहिलं आणि मला दुसरा मेमो मिळाला, पण तो वेगळा विषय आहे.

रक्त तपासल्यावर कळलं की स्नायू झिजून रक्तात उतरत होते आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडं मेटाकुटीला आली होती. आणखी आठवडा काढला असतात तर मला काही सांगता आलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पाच दिवस सलाईन लावून ठेवलं. हृदयरोगतज्ज्ञ स्वतः बघायला आले.

“मी विचारलं होतं तुम्हाला, काय चालू आहे म्हणून.”

“चालू नव्हतं, डॉक्टर. लिहून दिलेलं होतं.”

डॉक्टरांनी केसपेपर मिटून बाजूला ठेवला. “यापुढे लिहून दिलेलंही सांगायचं. दुकानातून आणलेलं, शेजाऱ्याने दिलेलं, झाडपाल्याचं, सगळं. आणि अंग दुखलं की त्याच दिवशी सांगायचं. मी गोळी बंद करीन या भीतीने लपवायचं नाही. बंद करायची वेळ आली तर पुढचा रस्ता शोधणं माझं काम आहे.”

गोळ्या थांबवल्या. किती दिवस ते रक्ताचे रिपोर्ट सांगतील, असं ठरलं. पुढच्या सात आठवड्यांत पाय सुधारत गेले आणि काका खचत गेले. रोज दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे. कामाचं काही नसायचं.

“आता मी आणि दादा सारखेच,” एकदा म्हणाले. “दोघंही बिनगोळीचे.”

“दादांनी डॉक्टरांना न सांगता सोडल्या होत्या. तुमच्या डॉक्टरांनी थांबवल्यात, आणि त्यांचं लक्ष आहे,” मी म्हणालो.

“छातीला ते कळतं का?”

मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

आठव्या आठवड्यात नवी गोळी सुरू झाली. एकच, वेगळी, बरीच कमी ताकदीची, आणि ठरलेल्या तारखांना रक्ततपासणी. त्या दिवशी काकांनी मला एक कागद आणून दिला. ‘एकच वस्तू दोन कोडखाली घेतली गेली. स्टोअर्स विभागाने खोक्यावरील नावावर न जाता आतील नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी. प्रत माहितीसाठी: खरेदी विभाग.’ खाली त्यांची सही, तारखेसह. तो कागद मी माझ्या मेमोला टाचून ठेवला.

तेव्हापासून नवं पाकीट आणलं की ते आधी माझ्याकडे यायचे. मी बारीक अक्षरातलं नाव मोठ्याने वाचायचो, ते डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघायचे आणि मी कार्डावर सही करायचो. कारखान्याच्या दवाखान्यातही त्यांनी स्वतःवर लिहिलेल्या त्या कागदाची प्रत दिली. शिट्टी वाजवणाऱ्या डॉक्टरांनी ती शिट्टी थांबवून वाचली.

पुढच्या वर्षी एका सकाळी ते कार्ड घेऊन आले. तिसऱ्या मांडणीवरून थेट उतरून आले होते, बाहीला धूळ होती. कार्डावर आवक तीस, जावक तीस, शिल्लक शून्य. स्टोअर्समध्ये शिल्लक शून्य झाली की त्यांना जेवण जायचं नाही. आज मात्र कार्ड माझ्यापुढे सरळ करून ठेवलं.

“नवं पाकीट आणलंत ना?”

“कालच. डबा भरलाय. हे जुनं कार्ड बंद करायचंय.”

मी सही केली.

“तारीख,” ते म्हणाले.

मी तारीख टाकली. ती त्यांनी भिंगातून वाचली, मग परत एकदा वाचली.

“दादा गेला तेव्हा अठ्ठावन्न वर्षं, दोन महिने आणि अकरा दिवसांचा होता,” ते म्हणाले. “मी आज अठ्ठावन्न वर्षं, दोन महिने आणि बारा दिवसांचा. आजपासून मी थोरला.”