निळ्या प्लॅस्टिकखालचा पत्रा

कामाच्या बाबतीत वाल्मीकअप्पांनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही. उभी हयात सातपूरच्या एका बस बांधणीच्या कारखान्यात गेली. सांगाड्यावर पत्रा चढवायचा आणि रिव्हेट मारायचे, हेच काम. रस्त्याने एखादी बस गेली तरी आतल्या माणसांआधी यांना तिच्या पत्र्याची शिवण दिसायची. असा माणूस निवृत्त होऊन स्वस्थ बसेल हे शक्यच नव्हतं. पण आपल्या जीपमागे जोडून ओढायची, आत झोपता येईल अशी छोटी गाडी त्यांनी बांधायला घेतली ती हौसेपोटी नव्हे. ती सुलाबाईसाठी होती.

सुलाबाई त्यांची बायको. गेल्या काही वर्षांत ती एकेक करून सगळं विसरत गेली. आधी गॅस बंद करणं, मग मुलीचं नाव, शेवटी नवराही. दिवेलागण झाली की पिशवी उचलायची आणि "माले घर जानं शे" म्हणत फाटकाबाहेर पडायचं. ती बागलाणातली, मोसम नदीकाठची. लग्न होऊन नाशकात आली तेव्हा तिच्या अहिराणीला सासरी सगळे हसले, म्हणून तिने ती बोली गुंडाळून ठेवली होती. आता नेमकी तेवढीच शिल्लक राहिली. माहेरी मात्र ना घर उरलं होतं, ना माणूस. एकदा ती त्र्यंबक रस्त्यावर भर वाहतुकीत सापडली, तेव्हा पुण्याची मुलगी मनीषा म्हणाली, "अप्पा, हे आता तुमच्याने होणार नाही. माझ्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारी चांगली संस्था आहे. तिथे ठेवू आईला."

अप्पांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं. तिला घरी जायचंय ना, मग घरच चाकांवर घालू. आत गादी, एक खिडकी, बाजूला दार. संध्याकाळ झाली की जीपला जोडायची, मोसमच्या काठाकडे निघायचं, झोप आली की वाटेत निजायचं. ती त्यात शांत झोपली तर संस्थेचं नाव काढायचं नाही. मनीषा हो म्हणाली. बापाच्या वेड्या आशेला नाही म्हणायला तिचंही मन धजावलं नाही.

सांगाडा भराभर उभा राहिला. पाण्याच्या थेंबासारखा, पुढून गोल, मागे उतरता. घोडं अडलं ते वरून काय चढवायचं यावर. प्लायवूड रंगवून लावावं, तर पावसात ते फुगणार. दुकानांच्या दर्शनी भागाला मारतात ती एसीपी शीट स्वस्त, पण अशा वळणावर मोडते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तिचे पापुद्रे सुटतात. जस्ताचा पत्रा जड. ओळखीच्या राकेशचा फायबरचा कारखाना होता. तो म्हणाला, "काका, फायबर करा. शिवण नाही, गळती नाही. हस्तिदंती रंगात देतो, काकूंच्या डोळ्यांना मऊ वाटेल."

सल्ला सोन्यासारखा होता. पण बस बांधणाऱ्याने फायबर घ्यायचं म्हणजे हलवायाने विकतची मिठाई आणायची! "माझ्या बायकोचं घर मी दुसऱ्याच्या साच्यातून काढू?" म्हणत अप्पा उठले, आणि आरशासारखा पॉलिश केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन आले. हलका, न गंजणारा आणि हाताच्या सवयीचा. आपलंच खरं करायची खोड त्यांना पहिल्यापासून होती.

असा पत्रा येतो तो अंगावर निळं प्लॅस्टिक चिकटवूनच. अप्पांच्या कारखान्याचा रिवाज असा, की रिव्हेट मारायच्या जागेपुरतंच ते सोलायचं, बाकीचं गाडी मालकाच्या हवाली करायच्या दिवशी, नारळ फोडून ओढायचं. तोवर पत्र्याला ओरखडा नको आणि दृष्टही लागायला नको. अप्पांनी ताडपत्रीचा मांडव घातला आणि रिवाज पाळला.

सुलाबाई रोज मांडवात खुर्ची टाकून बसे. कुणाचं घर बांधताय, विचारी. "तुझंच," अप्पा सांगत. तिला ते पटलं. नवरा म्हणून ओळखलं नाही, पण घर बांधणारा मिस्तरी म्हणून अप्पा तिला नव्याने आवडू लागले. मिस्तरीला बायको नसावी, बिचाऱ्याला कोण करून घालणार, म्हणून ती आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्यांच्यापुढे सरकवी. ती भाकरी अप्पा मान खाली घालून खात. आत गादी पडली तेव्हा ती स्वतःहून चढली आणि दुपारभर गाढ झोपली. पुढे संध्याकाळी पिशवी उचलायची ती फाटकाकडे जाण्यासाठी नाही, निळ्या गाडीत नेऊन ठेवण्यासाठी. मनीषा दिवाळीला आली, तिने हे डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाली, "अप्पा, जिंकलात तुम्ही." कितीतरी दिवसांनी बापलेक पोटभर हसले.

निघायच्या दिवशी नारळ फुटला. अप्पांनी कोपरा धरून प्लॅस्टिक सर्रकन ओढलं, मऊ फडकं फिरवलं, पत्रा लख्ख झाला. मग सुलाबाईच्या हाताला धरून त्यांनी तिला दाराशी आणलं.

दाराशेजारच्या पत्र्यात एक म्हातारी उभी होती. पांढरे केस, हातात पिशवी, आणि मिस्तरी तिचा हात धरून उभा. घरात दाढीचा आरसा तेवढा, तोही उंचावर. सुलाबाईने स्वतःला असं समोरासमोर कधीपासून पाहिलं नव्हतं. मनातून ती अजून माहेरची पोर होती, तिला ही म्हातारी कुठून ओळखू येणार? तिने झटकन हात सोडवून घेतला आणि डोक्यावर पदर ओढला. समोरच्या बाईनेही ओढला.

"माफ कर वं बाई," सुलाबाई ओशाळून म्हणाली. "हाई घर तुनं शे, माले म्हाइत नव्हतं." आणि ती मागे सरली.

अप्पांनी पत्र्यावर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासघासून ती चकाकी मारली, वर हस्तिदंती रंग दिला. पत्र्यातली बाई दिसायची थांबली, पण ती त्या घरात राहते हे सुलाबाईच्या मनातून जाईना. सगळं विसरणाऱ्या डोक्यात नेमकं हेच पक्कं बसावं, याला काय म्हणायचं! आणि मिस्तरीला बायको आहे हेही तिला कळलं होतं. परक्या बाईच्या नवऱ्याच्या हातचं ती खाईना, त्याच्या छपराखाली टेकेना. भाकरी पुढे सरकवणं तर संपलंच. दिवसदिवस फाटक धरून उभी राही.

मनीषाने रजा वाढवून पाहिली. शेवटी अप्पाच म्हणाले, "घेऊन जा तिला." फायबर लावलं असतं तर ती राहिली असती, असं ते मनीषाला पुन्हापुन्हा सांगत राहिले. आजार पुढे जायचा तो गेलाच असता, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि कळतही होतं. कळून उपयोग काय?

मोटारीत सुलाबाईशेजारी पिशवी ठेवायला अप्पा वाकले. तिने अंग चोरलं, पण मग तिला त्यांची दया आली असावी. मांडवाकडे बघत ती हळूच म्हणाली, "दादा, तुमनी बायको दारमा उभी शे. म्हातारी शे बिचारी. तिले एकली सोडू नका."

"नाही सोडणार," अप्पा म्हणाले, आणि मोटारीचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने लावून दिलं.