पूजेतली किल्ली

बायनाबाईच्या कमरेला खोचलेली पितळी किल्ली ही त्या कारखान्यात तिच्या वाट्याला उरलेली एकमेव वस्तू होती.

गंगाखेडहून परभणीकडे निघाले की उसाचे फड मागे पडता पडता पशुखाद्याचा हा कारखाना लागतो. पूर्वी येथे बायका पेंडीची पोती दाभणाने शिवत आणि हमाल ती पाठीवर वाहून थप्प्या लावत. बायनाबाईने शिवलेले पोते ट्रकात कधी उसवले नाही, एवढा तिचा लौकिक होता. मग पोती भरणारे आणि शिवणारे यंत्र आले, आणि त्याच्या पाठोपाठ थप्पी लावणारा रोबो आला. त्याच्या लांब लोखंडी हाताकडे पाहून बायकांनी त्याचे नाव ‘सोंड्या’ ठेवले. मालक दिनकररावांनी त्याच्यापुढे स्वतः नारळ फोडला, त्याला गळा नसल्यामुळे मनगटात झेंडूचा हार घातला, आणि त्या छायाचित्राखाली वर्तमानपत्राने ‘ग्रामीण उद्योगाची झेप’ असे छापले. त्या झेपेखाली कोण आले, हे छापण्याची रीत आपल्याकडे नाही.

बायका गेल्या, हमाल गेले. बायनाबाई राहिली, कारण फाटक्या पोत्यातून सांडलेली पेंड कोणीतरी झाडणे भाग होते आणि सोंड्याला केरसुणी धरता येत नव्हती. तिलाही येथून हलणे परवडणारे नव्हते. हे काम सुटले तर दिवाळीनंतर दिराच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जावे लागेल, हे घरात ठरून गेलेले होते. मागे एका हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना तिचा गुडघा कायमचा दुखावला होता. दुसऱ्यांदा तो ती फळी चढणार नाही, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

सोंड्याभोवती पुरुषभर उंचीची जाळी होती आणि जाळीच्या दाराला ती किल्ली. किल्ली फिरवून काढली की यंत्र थांबे; पुन्हा कुलपात बसवल्याखेरीज ते हलत नसे. यंत्र बसवायला पुण्याहून आलेल्या साहेबाने एका दुपारी सर्वांना उभे करून सांगितले होते, “जो आत जाईल, किल्ली त्याच्या अंगावर. बाहेर ठेवायची नाही.” जाळीला मागच्या बाजूने एक मोकळी वाट होती. रचलेली थप्पी तेथून बाहेर निघे. त्या वाटेवर डोळ्यांना न दिसणारा किरण होता. परकी वस्तू आडवी गेली की यंत्र जागच्या जागी थिजे. एकदा कुत्रे शिरले आणि सोंड्या थांबला, तेव्हा चालक नागेशने त्या कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. साहेबाने उद्घाटनासाठी भाषण लिहून आणले होते. शिकवण्यासाठी त्याच्यापाशी ती एक दुपारच होती.

खंडेनवमी आली. ज्याचे जे हत्यार, ते त्याने पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईतो त्याला हात लावायचा नाही, ही रीत बायनाबाईने वर्षानुवर्षे पाळली होती. तेव्हा तिचे दाभण पाटावर असे. ते दाभण आता घरातल्या कोनाड्यात गंजत पडले होते. केरसुणीचा मान लक्ष्मीपूजनाचा. ती आज मांडता येत नव्हती. मग आपले हत्यार कोणते? तिने सोंड्याची किल्ली फिरवून काढली, पदराने पुसली आणि जाळीबाहेरच्या पाटावर नागेशच्या पान्यांशेजारी ठेवून तिला कुंकू लावले.

दिनकररावांनी नारळ फोडला. मंडळी प्रसाद घेऊन पांगली. सोंड्याच्या पायाशी निरांजन तेवत राहिले. चहूकडे पेंडीची भुकटी साचलेली; तेथे उघडी ज्योत सोडून घरी जाण्याइतकी बायनाबाई बेफिकीर नव्हती. जाळीच्या उघड्या दारातून ती दोन रचलेल्या थप्प्यांच्या मधल्या बोळात शिरली. सवयीने हात कमरेशी गेला. कंबर रिकामी होती. ती क्षणभर थबकली. पण आज हत्याराला हात कोण लावणार, असे मनाशी म्हणत तिने आधी खाली बसून निरांजनाभोवतीच्या अक्षता केरसुणीने झाडायला घेतल्या.

त्याच वेळी सोनपेठच्या एका दूधसंघाची गाडी खाद्य न्यायला फाटकाशी येऊन उभी राहिली.

नागेश तिशीचा, आयटीआय झालेला, लेकराबाळांचा माणूस. फोन कानाला लावूनच तो परतला. “हो मालक... न्हाई, पूजा झालीय म्हणून म्हणलं... बरं, एकच गाडी.” त्याला पाटावर किल्ली दिसली. किल्ली बाहेर, म्हणजे आत कोणी नाही. त्याला जे शिकवले होते त्यावरून निघणारा अर्थ एवढाच होता. त्याने किल्लीला हात जोडले, उचलून कपाळाला लावली, जाळीचे दार ओढून घेतले आणि किल्ली कुलपात बसवली.

दाराचा खटका बायनाबाईने ऐकला.

“कोण हाय रे?”

उत्तरादाखल पिवळा दिवा फिरू लागला. हवेचा फुत्कार झाला. पट्टा घरघरत सुरू झाला आणि त्या आवाजात तिची पुढची हाक बुडाली. सोंड्याने मान उचलली, वळून पट्ट्यावरचे पोते पकडले आणि ते भरलेले पोते घेऊन तो तिच्या दिशेने आला. ती थप्पीला चिकटली. पोते तिच्या डोक्यावरून गेले आणि पलीकडच्या थप्पीवर आदळले. वारा तोंडाला लागला. ती उठायला गेली तोच दुसरे पोते आले. आता दाराकडे जायचे तर सोंड्याच्या वाटेतून, मागच्या वाटेकडे जायचे तरी त्याच्याच वाटेतून. गुडघा तिला सांगत होता की पळणे जमणार नाही.

“नाग्या! आरं नाग्या!”

नागेश पाठमोरा उभा राहून पट्ट्यावरची पोती सरळ करत होता.

तिला ते कुत्रे आठवले. तिने केरसुणी मागच्या वाटेकडे भिरकावली. ती किरणाच्या अलीकडेच पडली. पुढचे पोते खाली येताना तिच्या खांद्याला घासून गेले आणि ती कोलमडली. आता हाताशी उरले ते निरांजन, तेही पेटते. पेंडीच्या भुकटीत ज्योत फेकणे म्हणजे स्वतःचेच सरण रचणे. फुंकर मारून दिवा विझवायचा नसतो. तिने जळती वात बोटांत चिमटली, चटका सोसला आणि पितळी निरांजन सारा जीव एकवटून फेकले.

ते वाटेतून सरपटत पार गेले. सोंड्या थिजला. पोते तिच्या डोक्यावर अधांतरी लोंबकळत राहिले.

“आयला, पुन्हा कुत्रं!” करवादत नागेश मागच्या बाजूला आला, आणि त्याला बोळात पडलेली बायनाबाई दिसली. “मावशे! तू आत हायस?”

“न्हाई, गंगेत आंगूळ करायलेय! काढ मला भाईर.”

त्याने तिला ओढून बाहेर काढले. “किल्ली भाईर व्हती, मावशे. मला वाटलं...”

“पूजेतली उचललीस व्हय रे?”

त्याने मालकांना फोन लावला.

दिनकरराव आले. आधी त्यांचा चेहरा पडला. मग कोणाला लागलेले नाही असे पाहून ते सावरले, आणि सावरल्यावर रागावले. “बायनाबाई, किल्ली अंगावर ठेवायची हे तुला सांगितलेलं न्हवतं?”

“सांगितलं व्हतं, मालक. चूक माझी हाय.”

“मग झालं तर. नागेश नियमानं वागला, तू वागली न्हाईस. ही गोष्ट इथंच मिटवू. तुझी नोकरी शाबूत. नागेश, उरलेली गाडी भर.”

इतक्या स्वस्तात सुटका मिळत होती. बायनाबाईने दुखरा गुडघा चोळला. मग उठून ती दाराशी गेली, किल्ली फिरवून काढली आणि कमरेला खोचली.

“हे काय करायलीस?”

“चूक माझी अर्धी हाय, मालक. पाटावरची उचलायला ह्याला कुनी लावलं? मगाशी नारळ तर तुमीच फोडला.”

“किल्ली दे. बाहेर ट्रक उभाय.”

“उद्या उत्तरपूजा झाली की देते. तवर हिला कुनी हात लावायचा न्हाई.”

“उद्यापासून तू इथं असशील असं वाटतं तुला?”

“माझा इचार तुमी करा. माज्या डोस्क्यावर पोतं लटकलं व्हतं, तवाच माझा इचार करून झालाय.”

नागेश पुढे सरकला, तिच्या कमरेकडे त्याने पाहिले आणि तसाच मागे होऊन भिंतीला टेकला. “मालक, मी न्हाई मागत मावशीला,” तो पुटपुटला. बाईच्या कमरेची किल्ली हिसकावण्याचे धाडस दिनकररावांनाही झाले नाही. फाटकाशी ट्रकवाला उभा राहून सारे पाहत होता. अर्धी भरलेली गाडी तशीच गेली. अधांतरीचे पोते रात्रभर लोंबकळले.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. बायनाबाईने कुंकू पुसून किल्ली नागेशच्या हातात दिली. त्याच आठवड्यात तिला ‘सुरक्षा-नियमांचा भंग’ या कारणाखाली काढण्यात आले. जाळीवर आता पाटी आहे: ‘यंत्राजवळ पूजाअर्चा करण्यास सक्त मनाई.’ ज्या हातांनी सोंड्याच्या मनगटात पहिला हार घातला, त्याच हातांनी ही पाटी टांगली. न पाहता यंत्र सुरू करण्यास मनाई असल्याचा उल्लेख पाटीवर कोठेही नाही.

दिवाळी सरल्यावर दिराची ट्रॉली कारखान्यासमोरून गेली. बायनाबाई कोयता मांडीवर ठेवून मागे बसली होती. जाळीच्या दाराशी नागेश दिसला. यंत्र सुरू करण्याआधी तो खाली वाकला, दोन्ही थप्प्यांच्या मधल्या बोळात त्याने नीट पाहिले, मोठ्याने हाक मारली, आणि मगच आपल्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडून कुलपात बसवली.