बाटल्यांची खंडेनवमी

स्कॅनर काही बोलेना. बाटली समोर धरली, तिरकी केली, जरा लांब धरून पाहिली. एरवी बारकोड दिसला रे दिसला की 'टूं' करणारं ते यंत्र रुसल्यासारखं गप्प. दुसरी बाटली घेतली, तीही तशीच. मग चष्मा लावून नीट पाहिलं. बारकोडच्या बरोबर मधोमध ठसठशीत कुंकू लावलेलं होतं, वर दोन-चार अक्षता चिकटलेल्या. फ्रीज उघडला. आतल्या सगळ्या बाटल्या हळदीकुंकवाला निघालेल्या सवाष्णींसारख्या ओळीने उभ्या होत्या.

दसऱ्याची सुट्टी संपून त्या दिवशी लॅब उघडली होती. आणि त्याच सकाळी पुण्याहून ऑडिटर मॅडम यायच्या होत्या. आमची गाडी त्यांना आणायला मिरज स्टेशनवर पोचलीसुद्धा होती.

आमची लॅब कवठे महांकाळच्या रस्त्याला आहे. द्राक्षांवर फवारलेल्या औषधाचा अंश मण्यात किती उरला, ते आम्ही तपासतो. निर्यातीचा माल या रिपोर्टशिवाय हलत नाही. पण रिपोर्ट चालायला लॅबला मान्यता लागते, आणि मान्यता द्यायची की नाही ते ऑडिटर ठरवणार. ती मिळाली नाही तर हंगामातले सगळे नमुने पुण्याला जाणार आणि आम्ही मशीनवरची धूळ झटकत बसणार. मी तिथे क्वालिटी बघते. म्हणजे सगळं बरोबर चाललंय हे कागदोपत्री सिद्ध करायचं, आणि चुकलं की पहिली बोलणी खायची.

बाटल्यांचा हिशोब ठेवायला मी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवलं होतं. ओपन सोर्स म्हणजे ज्याच्या आतलं लिखाण कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं आणि वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. कुठलं रसायन कधी आलं, कोणत्या फडताळात आहे, किती उरलं, मुदत कधी संपते, सगळं त्यात. बाटलीवर बारकोडचं लेबल लावायचं, स्कॅन केलं की तिची कुंडली स्क्रीनवर.

आमचे मालक रिटायर्ड सुभेदार. मूळचे साताऱ्याकडचे, घरचा ऊस भावाच्या स्वाधीन करून इकडे लॅब काढलेले. सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. त्यांचा या सॉफ्टवेअरवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. ज्याला मालक नाही ते बिघडलं तर कुणाला धरायचं, हा त्यांचा प्रश्न. जगभर त्याचे वापरणारे आहेत, त्यांच्या ऑनलाइन फोरमवर विचारलं की कुणीतरी सांगतं, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी फक्त मिशीवरून हात फिरवला. ती मिशी मला चांगली कळते.

तर आता सुभेदार आले. मी बाटली दाखवली आणि त्यांचा आवाज परेडच्या मैदानावर गेला. स्टोअर सांभाळणाऱ्या बिरूमामांना हाक गेली.

"बिरू, कुनी केला ह्यो उद्योग?"

मामा शांतपणे म्हणाले, "तुमीच की सायेब."

"मी?"

"व्हय. खंडेनवमीला ताट घिऊन तुमीच फिरला. म्या म्हनलं, फ्रिजातलं ऱ्हाऊ द्या. तुमी म्हनला, हत्यार म्हंजे हत्यार, एकबी सुटाय नगं."

सुभेदारांना आठवलं असावं, कारण ते खिडकीबाहेर बघायला लागले. खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर स्टिअरिंगला हार घालतो. रसायनवाल्याने बाटल्या पुजल्या तर त्यात काय वावगं? वावगं एवढंच, की लेबल पांढरं असल्यामुळे गंध तिथे फार उठून दिसतं.

"फौजेत आमी तोफंला गंध लावतुय," ते तिकडेच बघत म्हणाले. "तोफ कवा बंद पडली न्हाई."

तोफेला बारकोड नसतो, हे मी मनातल्या मनात म्हणाले.

खरी पंचाईत मोठ्या बाटल्यांची नव्हती. त्यांच्यावर कंपनीचं लेबल असतं. पंचाईत होती फ्रीजमधल्या छोट्या बाटल्यांची. त्यांत आम्ही बनवलेली स्टँडर्ड असतात. स्टँडर्ड म्हणजे ज्यात औषध नेमकं किती आहे हे आधीच ठाऊक असतं असं द्रावण. दुकानदाराला जशी वजनं, तशी आम्हाला ही. सगळी पाण्यासारखी दिसतात. ओळख म्हणून फक्त आमचं इवलंसं लेबल, आणि सुभेदारांचा अंगठा त्या लेबलापेक्षा मोठा. ओळख पटली नाही तर सगळी ओतून द्यायची, आणि स्टँडर्डच नसलेल्या लॅबला मान्यता कोण देणार?

मी एक लेबल स्पिरिटने पुसलं. कुंकू गेलं, पाठोपाठ बारकोडही गेला. सुभेदारांनी लगेच ड्रायव्हरला फोन लावून मॅडमना आधी भरपेट नाश्ता घालायला सांगितलं.

ओलं काही लावायचं नाही एवढं कळलं होतं. मग वजनकाटा झाडायचा मऊ ब्रश घेतला आणि वाळलेलं कुंकू हलक्या हाताने झाडलं. थर निघाला, पण लेबल लालच राहिलं. सुभेदार म्हणाले, "डाग तर तसाच हाय." मीही फारशी आशा न ठेवता स्कॅनर धरला.

टूं.

कारण साधं होतं. आमच्या स्कॅनरचा उजेड लाल. लाल उजेडात लाल डाग पांढऱ्यासारखाच दिसतो, आणि काळ्या रेघा काळ्याच राहतात. डाग त्याला अडवत नव्हता, रेघांवरचा थर अडवत होता. हे मी सुभेदारांना अशा थाटात समजावलं की जणू आधीपासून माहीत होतं. मग आम्ही तिघं ब्रश घेऊन बसलो. बिरूमामा अक्षता वेगळ्या काढत होते, केरात जाऊ नयेत म्हणून.

ऑडिटर मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या, धारदार नजरेच्या. फ्रीजमधली एक बाटली उचलून त्यांनी स्कॅन करायला सांगितली. टूं. दुसरी. टूं. मग लेबलावर बोट ठेवून विचारलं, हे काय सांडलंय?

मी तोंड उघडणार तोच सुभेदार पुढे झाले. "सांडलं न्हाई, मॅडम. म्या लावलंय. खंडेनवमी व्हती. ह्या पोरांची काय चूक न्हाई." मला आणि साठीच्या बिरूमामांना एका दमात पोरं करून टाकलं त्यांनी. पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मॅडमनी बाकी सगळं ठीक म्हणून लिहिलं आणि एक शेरा मारला: 'लेबलवर परकीय पदार्थ'. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार ते लेखी कळवा, तोवर मान्यता थांबलेली.

सुभेदारांच्या जिव्हारी लागला तो एकच शब्द. "परकीय? कुक्कू परकीय?" हे ते संध्याकाळपर्यंत म्हणत होते.

पूजा बंद करू असं लिहून देणं मला सोपं होतं. पण सुभेदार सही करेनात. "पूजा बंद व्हनार न्हाई. दुसरं कायबी लिवा." इकडे द्राक्षाच्या छाटण्या उरकत आल्या होत्या, तिकडे माझा कागद कोराच.

शेवटी मी फोरमवर फोटो टाकला आणि अडचण जशीच्या तशी लिहिली. पहिलं उत्तर कुठल्याशा थंड देशातल्या विद्यापीठाच्या स्टोअरवाल्या बाईंचं आलं: ही पावडर ज्वालाग्राही आहे का? मी नाही म्हटल्यावर त्यांनी आस्थेने चौकशी केली, की वर्षातून किती वेळा लावता, कुणाच्या हाताने लावता, त्याचा आकार केवढा? मी सुभेदारांचा अंगठा पट्टीने मोजून कळवला. काही दिवसांत दुसऱ्याच कुणीतरी लेबलचा नवा नमुना करून टाकला. बारकोड एका कडेला, दुसऱ्या कडेला मोकळा गोल, बरोबर अंगठ्याएवढा. छोट्या बाटल्यांसाठी तोच गोल लेबलातून बाहेर काढून झाकणावर चिकटवायची सोय.

तोच नमुना जोडून मी उत्तर पाठवलं. 'पूजेसाठी लेबलवर स्वतंत्र जागा ठेवली आहे.' ऑडिटर मॅडमनी ते मान्य केलं आणि जानेवारीत द्राक्षांचे पहिले नमुने आमच्या दारात आले. पावतीवरचा जुना फोन नंबर बदला म्हणून पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलेल्या ज्या बिलिंगवाल्या कंपनीच्या आम्ही मागे लागलोय, ती मात्र अजून 'तुमची तक्रार नोंदवली आहे' एवढंच कळवते.

पुढे तो नमुना सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत सगळ्यांसाठीच आला. पुढच्या खंडेनवमीला सुभेदार चष्मा लावून एकेका गोलात मन लावून गंध लावत होते. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं.

"मॅडम, भाईरच्या देशातली मानसं ह्या गोलात काय लावत्यात वो?"

"काही नाही. मोकळाच ठेवतात."

"आरारा," ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "त्यास्नी कळवा की, कसं लावायचं त्ये."

मी कळवलं. फोटोसकट, पायरीपायरीने. आता मॅन्युअलमध्ये तेही आहे. नव्या लॅबवाल्यांनी सॉफ्टवेअर बसवण्याआधी ते जरूर वाचावं, पण त्याच्याही आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात खंडेनवमी कधी आहे ते बघावं.