पंचकाची शर्त

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा घरमालक जिन्यात उभे होते. ते वर राहतात, आम्ही खाली. शनवारा मोहल्ल्यातलं जुनं घर, वरचं खाली आणि खालचं वर ऐकू येतं. नवऱ्याने आणि रिक्षावाल्याने बाबांना खुर्चीसकट उचलून ओट्यावर चढवलं. घरमालकांनीही हात लावला, "सांभाळून, सांभाळून" म्हणाले, पण त्यांचे डोळे बाबांच्या सुजलेल्या पायांवर होते.  मी मुळात भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस वरच्या मजल्यावर राहत होता आणि स्वभावाने भला होता, हीच पंचाईत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय थकलंय, आता घरीच सेवा करा. याचा अर्थ न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. आई गेल्यावर बाबांचं फोपनार गावातलं घर विकलं, केळीची शेती भाऊबंदांकडे गेली, आणि मी एकुलती एक म्हणून त्यांना इथे घेऊन आले. दवाखान्यातून निघताना त्यांनी मला बजावलं होतं, "आता पुन्हा इथे नाही आणायचं. नळ्या लावून नाही मरायचं मला." मी हो म्हटलं होतं.

थोड्याच दिवसांनी घरमालक खाली आले. चहाला नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"ताई, बुरा नका मानू," ते म्हणाले. "किरायानाम्यात एक शर्त जोडायची आहे."

किरायानामा अकरा महिन्यांचा, अजून अर्धाही सरला नव्हता. नवी शर्त अशी की पंचक चालू असताना घरातल्या माणसाची तब्येत बिघडली, तर आम्ही त्याला लगेच दवाखान्यात हलवायचं. दर महिन्याला पाचेक दिवस पंचक येतं. त्या दिवसांत घरात माणूस गेला तर घर सोडावं लागतं, महिनोन्महिने कुलूप ठेवावं लागतं, असं आमच्याकडे मानतात. घरमालकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हळद, मांडव, सगळं याच घरात.

"आमच्या काकांचं घर असंच बंद पडलं होतं. ऐन शादीत मी पोरीला घेऊन कुठे जाऊ, सांगा?" त्यांनी विचारलं. दोन भित्री माणसं समोरासमोर बसलो होतो.

ते गेल्यावर नवरा चिडला. म्हणाला, चालू करार एकट्याच्या मर्जीने बदलता येत नाही, आपण सही केली नाही तर ते काय करणार? खरंच होतं. पण मुदत संपल्यावर? मरणाच्या दारातला माणूस घरात आहे म्हटल्यावर या गावात आम्हाला दुसरं घर कोण देणार होतं? बाबांना घेऊन मी कुठल्या ओट्यावर बसणार होते? मीच म्हटलं, कर सही. दोघांनी सह्या केल्या.

मग मी कॅलेंडरला घाबरायला लागले. पंचक जवळ येत गेलं तसा जीव टांगणीला. बाबा खोकले की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे, वर ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना साधी उचकी लागली तरी माझे पाय चपला शोधायचे. त्यांना दिलेला शब्द एकीकडे आणि सही दुसरीकडे.

सहीनंतरचं पहिलं पंचक लागलं त्या सकाळी त्यांची खाट रिकामी दिसली. मी किंचाळलेच. बाबा बाहेर ओट्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. भिंतीला धरून धरून गेले असणार.

"का व माय, घाबरली का?" ते म्हणाले. "मी सगळं ऐकलं त्या दिवशी. दवाखान्यात तर मी जात नाही. घरात काही व्हायचं नाही ना? मग मी घरात बसतच नाही. ओट्यावर कुठे शर्त आहे?"

मी रडले, रागावले, हात धरून ओढलं. ढिम्म हलले नाहीत. घरमालक खाली आले, "बाबा, आत चला ना" म्हणाले. बाबांनी त्यांनाच समजावलं, "तुमच्या पोरीचं लग्न होऊ द्या. तोवर मी जागा आहे." घरमालक मान खाली घालून वर गेले.

आणि खरंच, ते दिवस बाबा जागे राहिले. रात्री आत आणलं तरी खुर्चीतच, पाठ टेकायची नाही. भाकरी मागून खाल्ली. भाजीवालीशी वांग्यावरून भांडले. कॅलेंडरवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत, म्हणून रोज मला विचारायचे, पंचक उतरलं का? उतरलं म्हटल्यावर आत आले, खाटेवर पडले आणि एकदम सैल झाले. जेवण नाही, हाकेला ओ नाही. मी त्यांच्या नाकासमोर हात धरून बसले.

पुढच्या महिन्यातही तेच झालं. पंचक लागलं की उठायचे, उतरलं की विझायचे. डॉक्टरांनाही नवल वाटलं. मला नवल वाटलं नाही, मला भीती वाटली. आधी ते पाचच दिवस भीतीचे होते, आता बाकीचे सगळे झाले. बाबा कामावरून सुटल्यासारखे खाटेवर पडायचे आणि मला वाटायचं, आता यांना थांबायला कारण काय उरलं?

लग्न पार पडलं. घरमालक लग्नाच्या मिठाईचा, दराब्याचा डबा घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. शर्त अजून कागदावर होती, म्हणून बाबांचा पहाराही चालूच होता; ते बाहेर ओट्यावर होते.

"ताई, ती शर्त काढून टाकू," ते हळूच म्हणाले. "नवा कागद करू. मला माझीच शरम वाटते."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. मी आधी दाराकडे पाहिलं, बाबांनी ऐकलं तर नाही ना.

"नका काढू, भाऊ," मी म्हटलं. "काढली तरी बाबांना सांगू नका. तुमच्या पाया पडते."

 मग त्यांनी दारातून ओट्याकडे पाहिलं.

बाहेरून बाबांनी हाक मारली, "का व माय, उतरलं का पंचक?"

पंचक आदल्याच दिवशी उतरलं होतं, मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"नाही बाबा," मी म्हटलं, "अजून आहे."

"उद्या?"

माझ्याआधी घरमालकच मोठ्याने म्हणाले, "उद्या पण आहे, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले, आणि खुर्ची सावलीत सरकवून ताठ बसले.