पाणपोईला कुलूप नव्हतं

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. यंदा, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शिरूर कासारच्या बाजारतळावर, वीज गेलेली असताना. वीज गेली होती, हे ध्यानात ठेवा.

बाजारतळाच्या कोपऱ्यावर माझ्या मित्राचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्यात त्याच्या दारात ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण असतात. त्या रांजणांच्या वर, भिंतीला, त्यानं मागच्या वर्षी वाय-फायचा डबा ठोकला आणि नेटवर्कला नाव दिलं 'पाणपोई'. पासवर्ड ठेवला नाही. मी म्हणालो, "पासवर्ड टाक." तर माझ्यावरच उखडला. "पाणपोईला कुलूप असतंय का बे? तहानलेल्याला किल्ली कशाला मागायची?"

वाक्य भारी होतं. माझ्या एकाही पत्रकात असं वाक्य नव्हतं, आणि तेच मला लागलं. कॉलेजात असल्यापासून मी ऊसतोड मजुरांच्या पोरींसाठी वसतिगृह मागतोय. माझ्या पत्रकांवर लोक भजी खातात. यानं एक डबा ठोकला नि गाव त्याच्या ओट्यावर येऊन बसलं.

माझी बहीणही तिथंच बसायची. नर्सिंगच्या परीक्षेचे व्हिडिओ बघायची. पास झाली की अंबाजोगाईला जाणार होती. आमच्या घरातून कोयता न घेता बाहेर पडणारी पोरगी ती पहिलीच. घरी आली की तोंडात एकच शब्द, दादा. दादा म्हणजे मी नव्हे, तो. दादानं चार्जर दिला, दादानं व्हिडिओ उतरवून दिला. राखीपौर्णिमेला माझ्या आधी त्याला राखी बांधून आली. मी विचारलं, "मग मी कोण?"

"तू पुढारी," ती म्हणाली. आई हसली. मी जळलो. सरळ लिहितो, अजून जळतो.

तर त्या दुपारी वीज गेली. भिंतीवरच्या डब्याचा दिवा विझला, म्हणजे खरी पाणपोई बंद. तरी बहिणीच्या फोनवर 'पाणपोई' दिसतच होती, पूर्ण रेंजसकट. जवळपास बसलेल्या कुणीतरी त्याच नावाचं आपलं नेटवर्क सोडलं होतं. उघड्या नेटवर्कचं हे असंच असतं. नाव कुणीही लावू शकतो, आणि आपला फोन जुनी ओळख समजून आपोआप जोडला जातो. एक पान उघडलं: 'पाणपोईत स्वागत. ईमेल आणि पासवर्ड टाका.'

शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, लाईट न्हाई, मग हे कसं चालू?"

"दादानं बॅटरी बसवली आसंल," बहीण म्हणाली, आणि तिनं आपल्या ईमेलचा पासवर्ड टाकला.

माझ्याबद्दल तिला असा भरवसा कधी वाटला असता का? मला ठाऊक आहे, नसता वाटला.

दुसऱ्या दिवशी घरात घट बसत होता आणि तिकडं त्याच पासवर्डनं चोरानं उघडलेल्या तिच्या खात्यावरून गावातल्या पोरांना घाण मेसेज जात होते, तिच्याच फोटोंसकट. पोरांनी ते भावकीच्या ग्रुपवर टाकले. वडिलांना वाचता येत नाही. चुलत्यानं वाचून दाखवले, गल्ली ऐकेल असे. वडिलांनी तिच्या हातातला फोन घेतला, पेटीत टाकला, वर कुलूप घातलं. "लई झाली शाळा. टोळी निघंल तवा संगं चल ऊस तोडाया."

मी दुकानात गेलो नि मित्राची गचांडी धरली. तो म्हणाला, "चोर दुसराच हाय, अन् तू मला धरतूस? तू वाटच बघत होतास बे."

"व्हय, बघत होतो. आता तरी पासवर्ड टाक."

त्यानं टाकला. मग स्वतःहून आमच्या घरी आला आणि वडिलांच्या पाया पडून नकली पाणपोईचं सगळं सांगायला लागला. वडिलांनी त्याला खाट दिली, चहा पाजला. मला आठवत नाही, माझं कुठलं बोलणं त्यांनी कधी एवढं कान देऊन ऐकलं. सगळं ऐकून म्हणाले, "तू चांगला हाईस. चूक पोरीची हाय."

आतून बहीण म्हणाली, "दादाचं काय चुकलं? त्यानं पाणीच पाजलं." तेव्हाही तिला त्याचीच पडलेली! बरं, तो चांगला. वडील चांगले. वाचून दाखवणारा चुलताही चांगला. ज्या चोराचं तोंड कुणी पाहिलं नाही त्याला कुणी शिवीसुद्धा दिली नाही. मग वाईट कोण उरलं? पासवर्ड टाकणारी पोरगी.

फोन अजून पेटीत आहे. दसरा झाला की टोळीचा ट्रॅक्टर येईल.

शिरूरकरांनो, तो मेसेज तुमच्याही फोनवर आला होता. तुम्ही वाचलात, पुढं पाठवलात. कुठल्याही फुकटच्या नेटवर्कवर आपला पासवर्ड टाकू नका, हे तर सांगतोच. पण त्याआधी ट्रॅक्टर यायच्या आत आमच्या दारात या. माझ्या वडिलांसमोर उभं राहा आणि सांगा की ते मेसेज तिनं लिहिलेले नव्हते. चुलत्यानं वाचले तेवढ्याच मोठ्यानं सांगा.